लहान घर, नेटके घर

घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून, असे आपले वाडवडील म्हणत. घर बांधणे सोपे काम नाही. आता तर ते फारच अवघड झाले आहे. जागा महाग झाली. विटा, रेती, सिमेंट महाग झाले. म्हणून घरे लहान होत चालली.

वसई-विरारकडेच पाहा. विरारहून मुंबईला जाणारी पहिली लोकल गाडी १२ एप्रिल १८६७ या दिवशी सुटली. तेव्हा इकडे केळीच्या वाड्या होत्या, पानवेली होत्या, भातशेती आणि मिठागरे होती. घरे मोजकी होती. २००९ साली वसई, विरार, नालासोपारा आणि नवघर-माणिकपूर या चार नगरपालिका आणि आसपासची गावे मिळून एक महापालिका झाली. २०११ च्या जनगणनेत या शहराची लोकसंख्या १२ लाखांच्या वर भरली. वाडी गेली, तिथे चाळ आली. चाळ गेली, तिथे इमारत आली.

एवढी माणसे राहणार कुठे? कोणी एका खोलीत राहतो, कोणी दोन खोल्यांत. मोठे घर सगळ्यांना मिळत नाही. पण लहान घर म्हणजे वाईट घर नव्हे. लहान घरातही सुखाने राहता येते. त्याला थोडा विचार लागतो, थोडे मोजमाप लागते.

घर मोजू या

आता आपल्याला अंक येतात. मग घर मोजायला काय हरकत आहे?

समजा, एका चाळीत एक खोली आहे. ती १० फूट रुंद आणि १५ फूट लांब आहे. दहा पंधरे दीडशे. म्हणजे खोली १५० चौरस फुटांची झाली. एक फूट लांब आणि एक फूट रुंद तुकडा म्हणजे एक चौरस फूट. असे दीडशे तुकडे या खोलीत बसतात.

या खोलीत पाच माणसे राहतात असे धरू. नवरा, बायको, दोन मुले आणि म्हातारी आई. माणसाला झोपायला ६ फूट लांब आणि अडीच फूट रुंद जागा लागते. म्हणजे एकाला १५ चौरस फूट. पाच जणांना ७५ चौरस फूट. अर्धी खोली झोपण्यातच गेली! स्वयंपाकाचा ओटा १० चौरस फूट घेतो. मोरी १२ चौरस फूट घेते. उरले ५३ चौरस फूट. त्यात कपडे, भांडी, पेट्या, मुलांची दप्तरे आणि चालायची वाट.

आता या घरात कोणी मोठा पलंग आणला. ६ फूट लांब, ५ फूट रुंद. त्याने ३० चौरस फूट अडवले. माणूस रात्री झोपतो, पण पलंग रात्रंदिवस जागा अडवून बसतो. समजा, त्या खोलीच्या एका चौरस फुटाला पाच हजार रुपये पडले. मग त्या पलंगाखालची जमीनच दीड लाखाची झाली! पलंग स्वस्त मिळाला म्हणून आणला. त्याची जागा केवढ्याला पडली, ते कोणी मोजले?

म्हणून वस्तू आणण्याआधी तिचे माप घ्या. मग खोलीत खडूने तेवढा चौकोन काढा. दोन दिवस त्या चौकोनात पाय ठेवू नका. अडचण होते का, ते लगेच कळेल.

जुन्या घरांनी काय शिकवले

लहान जागेत राहण्याची युक्ती काही नवी नाही. आपल्या आजीला ती ठाऊक होती.

तिच्या घरात भांड्यांची उतरंड असे. मोठे मडके खाली, त्यावर लहान, त्यावर आणखी लहान. एका मडक्याच्या जागेत पाच मडकी राहत. दूध-लोणी शिंक्यावर टांगलेले असे. भिंतीत कोनाडा असे, त्यात दिवा. भिंतीतच फडताळ असे. कपडे वलणीवर, पिशव्या खुंटीवर. जमीन मोकळी राही. आजी शाळेत गेली नव्हती, पण जागेचा हिशेब तिला पक्का येत होता.

वसईच्या पूर्वेला डोंगराच्या बाजूला वारली बांधवांची घरे पाहा. कारवीच्या काठ्यांचा कुड आणि त्यावर शेणमातीचे लिंपण. आत एकच मोठी जागा. भिंत घालून खोल्या पाडत नाहीत. धान्याची कणगी मध्ये ठेवली की तिचाच आडोसा होतो. वर माळा असतो, त्यावर धान्य आणि सामान राहते. एका वस्तूची दोन कामे झाली.

मुंबईत वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग या भागांत १९२० नंतरच्या वर्षांत बीडीडी चाळी बांधल्या गेल्या. तिथली एकेक खोली १६० चौरस फुटांची. त्या खोल्यांत गिरणी कामगारांच्या पिढ्या वाढल्या. खोली लहान, पण बाहेर सामाईक व्हरांडा होता. मुले तिथे खेळत. बायका तिथे तांदूळ निवडत. त्या चाळीत हालही पुष्कळ होते, हे विसरायचे नाही. नळ आणि संडास सामाईक, गर्दी फार. हाल आहेत म्हणूनच तर लोकांना मोठे घर हवे असते. पण घर फक्त चार भिंतींच्या आत नसते, हेही त्या चाळीने शिकवले. ओटी, पडवी, अंगण, व्हरांडा हा घराचाच भाग आहे. तो सामानाने भरून टाकू नये.

वर्ध्याजवळ सेवाग्रामला महात्मा गांधी १९३६ साली राहायला गेले. तिथे बापूकुटी आजही उभी आहे. मातीच्या आणि बांबूच्या भिंती, वर कौले. आत बैठक, फळ्या, थोड्या वस्तू. देशातले मोठमोठे पुढारी तिथे जमिनीवर बसून बोलत. घर लहान म्हणून कोणाचे काम अडले नाही.

तीन युक्त्या

पहिली युक्ती. एकच जागा वेळेप्रमाणे वेगवेगळ्या कामाला वापरा. सकाळी उठल्यावर अंथरुणे गुंडाळून वर ठेवा. तीच जागा मग जेवायची झाली. जेवणे झाली की तीच मुलांच्या अभ्यासाची. भिंतीला बिजागरीने फळी लावा. हवी तेव्हा पाडली की टेबल, काम झाले की वर उचलून कडी लावायची. म्हाताऱ्या माणसाला गुडघ्यांमुळे खाली बसवत नाही. त्यांना अरुंद बाज किंवा खाट द्यावी. दिवसा तीच पाहुण्यांची बैठक होईल आणि तिच्याखाली पेट्या राहतील.

दुसरी युक्ती. उंची वापरा. आपण जमीन पाहतो, वर पाहत नाही. खोली १० फूट उंच असेल तर ७ फुटांवर पोटमाळा घालता येतो. १० फूट लांब, ३ फूट रुंद. झाला ३० चौरस फूट. पलंगाने जेवढी जागा खाल्ली, तेवढी माळ्याने परत दिली. पण माळ्यावर काय ठेवायचे, ते नीट समजून घ्या. गोधड्या, सणाची भांडी, रिकामे डबे ठेवा. पाण्याची टाकी ठेवू नका. एक लिटर पाण्याचे वजन एक किलो असते. पाचशे लिटरची टाकी म्हणजे पाचशे किलो. म्हणजे दहा पोती धान्य! ते वजन माळ्याला पेलणार नाही. आणि कोनाडा करायचा म्हणून खांब किंवा तुळई कधी फोडू नका. त्यांच्यावरच घर उभे आहे.

तिसरी युक्ती. नको ते काढा. तुटलेली खुर्ची, बंद पडलेला पंखा, न लागणारे डबे. "असू दे, कधीतरी लागेल," असे म्हणत आपण ते साठवतो. वर्षभरात जी वस्तू एकदाही हातात घेतली नाही, ती लागणार कधी? भंगारवाल्याला द्या. थोडे पैसे येतील आणि जागाही मोकळी होईल.

वारा आणि उजेड

लहान घरात सर्वांत मोठा धोका कोंदटपणाचा असतो. पाच माणसे एका खोलीत श्वास घेतात. तिथेच चूल, तिथेच ओले कपडे. आपल्याकडे पावसाचे चार महिने हवा दमट असते. भिंतींना बुरशी धरते. लहान मुलांना खोकला जडतो. घरात क्षयाचा रोगी असेल तर कोंदट हवेत तो रोग दुसऱ्यांना लवकर लागतो.

देशाच्या बांधकाम संहितेत यासाठी माप दिले आहे. आपल्यासारख्या उष्ण आणि दमट मुलखात खिडक्या खोलीच्या जमिनीच्या एक-षष्ठांश असाव्यात. त्यात दार धरायचे नाही. आपली खोली १५० चौरस फुटांची. तिचा सहावा भाग २५. म्हणजे ४ फूट लांब आणि ३ फूट उंच याहून थोड्या मोठ्या अशा दोन खिडक्या हव्यात.

दोन खिडक्या समोरासमोर असल्या तर फार बरे. एकीकडून वारा आत येतो, दुसरीकडून बाहेर जातो. चाळीत मागची भिंत सामाईक असते. तिथे खिडकी काढता येत नाही. मग दाराच्या वर झरोका ठेवा. गरम हवा वर चढते, ती झरोक्यातून निघून जाईल.

घरात चूल असेल तर धूर बाहेर जायलाच हवा. तो धूर बाईच्या आणि पाठीवरच्या लेकराच्या छातीत जातो. गॅस असेल तर सिलिंडर उभाच ठेवा. आडवा करू नका. हा गॅस हवेहून जड असतो. तो गळला तर खाली जमिनीलगत साठतो. वास आला तर दिवा लावू नका, विझवूही नका. बटणाला हात लावू नका. आधी सिलिंडर बंद करा आणि दारे-खिडक्या उघडा.

आडोसा हवा, कोपरा हवा

एका घरातले बोलणे ऐका. असे बोलणे पुष्कळ घरांत होते.

सून म्हणाली, "आत्या, पोरगी मोठी झाली. तिला कपडे बदलायला आडोसा नाही. मोरीला नुसता फाटका पडदा."

सासू म्हणाली, "आमचं गेलं की गं असंच आयुष्य. अंधार पडायची वाट बघायचो."

"तुमचं गेलं, माझंही गेलं. तिचं तरी जाऊ नये."

सून खरे बोलली. लहान घरात जागा कमी असते, म्हणून बाईमाणसाची लाज कमी नसते. मोरीला दार आणि आतून कडी हवी. तेवढा खर्च आधी करावा, टीव्ही मागाहून घ्यावा. खोलीत एक तार ओढून जाड पडदा लावला तरी रात्री दोन भाग होतात. कपाट भिंतीला न लावता आडवे उभे केले, तर त्याचीही भिंत होते. मात्र ते हलू नये, पडू नये, असे पक्के बांधावे.

तसाच अभ्यासाचा कोपरा. दोन फूट रुंद फळी, वर एक दिवा, बाजूला पुस्तकांना एक खण. एवढे पुरते. ती जागा मुलाची. तिथे दुसऱ्या कोणी सामान ठेवायचे नाही. आणि अभ्यासाच्या वेळी टीव्ही बंद. ही जागा चौरस फुटांत मिळत नाही, घरच्यांनी मनाने द्यावी लागते.

नवे घर बांधताना

वसई तालुक्यात महापालिकेच्या हद्दीबाहेरही गावे आहेत. तिथे गरीब कुटुंबांना सरकारी घरकुल मिळू शकते. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण भागात घर निदान २५ चौरस मीटरचे असावे असा नियम आहे. म्हणजे सुमारे २७० चौरस फूट. ग्रामपंचायतीत चौकशी करावी.

एवढ्या जागेत काय बसते? १३ फूट लांब, १० फूट रुंद खोली. १० फूट लांब, ८ फूट रुंद स्वयंपाकघर. ५ फूट लांब, ४ फूट रुंद न्हाणी. आणि पुढे १० फूट लांब, ४ फूट रुंद पडवी. १३०, ८०, २० आणि ४०. बेरीज करा. २७० भरते.

दिशा पाहून बांधा. आपल्याकडे पावसाची झड नैऋत्येकडून येते. दुपारचे ऊनही पश्चिमेचे. म्हणून पडवी त्या बाजूला घ्या. छपराची पागोळी भिंतीपासून लांब पडू द्या. भिंत कोरडी राहील. समुद्राचा वारा पश्चिमेकडून येतो. म्हणून स्वयंपाकघर पूर्वेच्या बाजूला ठेवा, धूर घरात फिरणार नाही. जोते उंच घ्या. जुलै २०१८ मध्ये वसई-विरारमध्ये पाणी भरले, रेल्वेगाड्या थांबल्या, घराघरांत पाणी शिरले. ज्याचे जोते उंच, त्याचे धान्य वाचले.

लॉरी बेकर नावाचे एक वास्तुकार होऊन गेले. ते इंग्लंडात जन्मले आणि केरळात राहून त्यांनी गरिबांसाठी स्वस्त घरे बांधली. ते विटा आडव्या न ठेवता उभ्या कडेवर लावत. भिंतीत मध्ये पोकळी राहते. त्यामुळे सुमारे चौथा हिस्सा विटा वाचतात आणि पोकळीतल्या हवेमुळे घर थंड राहते. गवंड्याला हे काम ठाऊक हवे. ठाऊक नसेल तर त्याच्यावर जबरदस्ती करू नका.

सगळे घर एकदम बांधायचा हट्टही नको. कर्ज काढून मोठे घर बांधले आणि हप्ते थकले, तर घरही जाते आणि झोपही जाते. आज एक खोली आणि पडवी बांधा. पुढच्या खोलीची जागा मनात धरून ठेवा. पैसे जमतील तशी ती वाढवा.

खोली विकत घेताना

आता शेवटची आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट.

नालासोपाऱ्यात किंवा विरारमध्ये कोणी सांगतो, "दादा, पाचशे फुटांची खोली आहे. स्वस्तात देतो." तुम्ही विचारा, "चटई क्षेत्र किती?" चटई क्षेत्र म्हणजे घराच्या आतली वापरायची जागा, जिथे आपण चटई टाकू शकतो. काही जण जिना, बाहेरच्या भिंती, मोकळी जागा सगळे त्यात मिसळून मोठा आकडा सांगतात. आत गेल्यावर खोली साडेतीनशे फुटांचीच निघते. मोजपट्टी घेऊन जा. स्वतः मोजा. कायदा असा आहे की रेराखालच्या प्रकल्पात घराचे माप चटई क्षेत्रावर सांगावे लागते. महाराष्ट्रात महारेरा २०१७ पासून काम करते. मोठ्या इमारतींची तिथे नोंद असावी लागते. नोंदणी क्रमांक मागा.

मग कागद पाहा. जमीन कोणाची, ते सात-बाऱ्यावर किंवा मालमत्तेच्या पत्रकावर पाहा. ती बिगरशेती झाली आहे का, ते पाहा. महापालिकेची बांधकाम परवानगी आहे का? भोगवटा प्रमाणपत्र आहे का? कागद खोटाही असू शकतो. म्हणून त्याची नक्कल घेऊन महापालिकेच्या कार्यालयात खात्री करा. माहीतगार वकिलाला दाखवा.

हे एवढे का सांगतो? नालासोपारा पूर्वेला सांडपाणी शुद्धीकरण आणि कचऱ्याच्या कामासाठी राखलेल्या जमिनीवर ४१ इमारती उभ्या राहिल्या होत्या. न्यायालयाच्या हुकुमाने त्या २०२४ च्या अखेरीपासून २०२५ च्या सुरुवातीपर्यंत पाडल्या गेल्या. आत राहणारी माणसे कष्टकरी होती. त्यांनी घाम गाळून पैसे भरले होते. घर गेले आणि पैसेही गेले.

त्याहून वाईट ऑगस्ट २०२५ मध्ये घडले. विरारमध्ये परवानगीशिवाय बांधलेल्या चार मजली इमारतीचा भाग मध्यरात्री कोसळला. १७ माणसे मेली. ती इमारत काही शंभर वर्षांची जुनी नव्हती. घर लहान असले तर अडचण होते. घर कच्चे असले तर जीव जातो.

म्हणून आपल्या इमारतीकडे लक्ष ठेवा. खांबाला तडा गेला का? सिमेंट सुटून आतली गंजलेली सळई दिसते का? दारे एकाएकी अडकू लागली का? असे दिसले तर नुसते प्लास्टर लावून झाकू नका. शेजाऱ्यांना गोळा करा, महापालिकेला लेखी कळवा, अर्जाची पोच घ्या. ३० वर्षांहून जुन्या इमारतीची तपासणी तर कायद्यानेच करावी लागते.

पूर्वी आपल्यापैकी पुष्कळांनी न वाचता कागदावर अंगठे उठवले. कोणाची जमीन गेली, कोणाचे घर गेले. आता आपल्याला वाचता येते. मग घराचा कागद आधी वाचा, सही मागाहून करा. एखादा शब्द अडला तर विचारा. विचारण्यात कमीपणा नाही.

घरी जाऊन करा

आज घरी गेल्यावर आपली खोली मोजा. लांबी आणि रुंदी वहीत लिहा. गुणाकार करा. घरातल्या माणसांनी त्याला भागा. एकेकाच्या वाट्याला किती जागा आली, ते लिहा.

खिडक्याही मोजा. सहावा भाग भरतो का, ते पाहा.

मग घरातल्या सगळ्यांना बसवा. म्हाताऱ्या आईला विचारा, सुनेला विचारा, पोरांना विचारा, "तुम्हाला या घरात कशाची अडचण होते?" घरधन्याला जी अडचण दिसत नाही, ती त्यांना रोज सोसावी लागते. त्यांनी सांगितलेली एक तरी अडचण या महिन्यात दूर करा.